निघणे आणि थांबणे : हिमातल्या मोटारीची शंभर वर्षे

मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी आणि देशभर धावलेली अँबॅसिडर या दोन गाड्यांमध्ये एक गोष्ट समान होती. दोघींचे इंजिन पुढे असे, पण त्याची ताकद गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या एका लांब दांड्याने मागच्या चाकांकडे नेलेली असे. म्हणजे गाडी मागून ढकलली जाई. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ने हे उलटे केले. तिची पुढची चाके गाडीला ओढत. हा फरक आपल्याकडे गॅरेजवाल्याखेरीज फारसा कुणाच्या लक्षात आला नाही, कारण कोरड्या डांबरी रस्त्यावर तो जाणवण्याचे कारणच नव्हते. स्वीडन, फिनलंड, कॅनडा, उत्तर जपान या प्रदेशांत मात्र हाच फरक घरोघरी वादाचा विषय होता. 'मागून ढकलली जाणारी गाडी हिमात चालवावी की नाही?' या प्रश्नावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले.

या वादाचा इतिहास पाहिला, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. बराच काळ लोकांना चिंता होती ती गाडी हिमातून निघेल कशी याची. ती थांबेल कशी, याची चिंता फार उशिरा वाटू लागली, आणि त्या उशिराची किंमत अनेकांना चुकवावी लागली.

आधी शब्दांविषयी थोडेसे. मराठीत आपण रोजच्या बोलण्यात सगळ्यालाच बर्फ म्हणतो. या लेखात आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत बर्फाला 'हिम' आणि पाणी गोठून झालेल्या कठीण, काचेसारख्या थराला 'बर्फ' म्हणू. मोटारचालकाच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

घर्षणाचा हिशेब

आठवी-नववीच्या मुलांना घर्षणांक शिकवताना आपण लाकडी ठोकळा टेबलावर ओढतो. मोटारीचा हिशेब त्याहून फार वेगळा नाही. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण ०.८ असतो, दबलेल्या हिमावर ०.२ च्या आसपास, आणि बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. या वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर किती अंतरात थांबेल? वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. उत्तरे अशी येतात : डांबरावर १२ मीटर, हिमावर ४९ मीटर, बर्फावर ९८ मीटर. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. कोरड्या रस्त्यावर जी गाडी त्या मैदानात थांबली असती, तिला बर्फावर जवळजवळ फुटबॉलचे मैदान लागते.

या सूत्रात दोन गोष्टी कुठेच येत नाहीत, त्या मुलांना शोधायला सांगाव्यात. एक म्हणजे गाडीचे वजन. दुसरी म्हणजे इंजिन कोणती चाके फिरवते ही बाब. ब्रेक चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना ढकलणारी आणि ओढणारी गाडी सारखीच असहाय असते.

निघताना मात्र चित्र बदलते. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते, त्यांच्यावर जेवढे वजन पडते तेवढेच घर्षण कामाला येते. पुढे इंजिन असलेल्या, मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत चालक एकटाच असेल तर मागच्या चाकांवर एकूण वजनाच्या सुमारे ४५ टक्के भार येतो. पुढून ओढल्या जाणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरपेटी सगळेच पुढे असते, म्हणून पुढच्या चाकांवर ६० टक्के. घर्षणांक ०.२ धरला तर पहिली गाडी ढोबळमानाने शंभर मीटरला ९ मीटर चढ चढेल, दुसरी १२ मीटर. वादाचे मूळ एवढेच आहे.

साखळ्या आणि वाळूची पोती

सुरुवातीच्या बहुतेक मोटारी मागून ढकलल्या जाणाऱ्याच होत्या. पुढच्या चाकांना वळायचेही असते. वळलेल्या चाकाला एकसारख्या गतीने फिरवणारा सांधा बनवणे अवघड होते आणि तो भरवशाचा व स्वस्त व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. त्यामुळे हिमाळ प्रदेशातल्या लोकांनी उपाय शोधले ते मागच्या चाकांसाठी. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड यांनी १९०४ मध्ये टायरवर चढवायच्या साखळ्यांचे पेटंट घेतले. चिखलात रुतू नये म्हणून लोक चाकांना दोर गुंडाळत, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. साखळ्या आजही वापरल्या जातात. हिवाळ्यात मनालीकडे गेलेल्यांनी त्या पाहिल्या असतील. पण त्या लावून सावकाशच जावे लागते, आणि हिम संपले की काढाव्या लागतात.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे डिकीत वाळूची पोती टाकणे. मागच्या चाकांवर भार वाढतो, गाडी निघते. रुतलीच तर तीच वाळू चाकाखाली पसरता येते. उपाय खरा आहे, पण त्यात एक खोच आहे. डिकी मागच्या आसाच्याही मागे असते. तिथे ठेवलेले ओझे तरफेसारखे काम करून पुढची चाके किंचित हलकी करते, आणि वळवायचे काम तर पुढच्या चाकांचे! शिवाय गाडीची शेपटी एकदा घसरू लागली की त्या पोत्यांचे वस्तुमान तिला आणखी जोराने बाहेर नेते.

शेपटी घसरते का, हे समजून घेण्यासारखे आहे. टायरची पकड हा एक मर्यादित साठा असतो. तो पुढे ढकलायला वापरला तर बाजूने धरून ठेवायला कमी उरतो. वळणावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला, मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, की त्यांची बाजूची पकड जवळजवळ संपते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. म्हणून जुने चालक नवख्यांना शिकवत : दुसऱ्या गिअरमध्ये निघा, म्हणजे चाकांवर जोर कमी येईल, उतारावर एकदम खालचा गिअर टाकू नका, कारण इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, शेपटी उजवीकडे गेली तर स्टिअरिंगही उजवीकडे वळवा. पुढून ओढली जाणारी गाडी पकड सुटली की वळतच नाही, सरळ जात राहते. तेही धोक्याचेच, पण ॲक्सिलरेटर सोडला की ती बहुधा ताळ्यावर येते.

यात भर डिफरन्शियलची. वळताना दोन चाकांनी वेगवेगळ्या गतीने फिरावे म्हणून असलेली ही यंत्रणा दोन्ही चाकांना सारखेच पीळ देते. एक चाक बर्फावर गरगर फिरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण पीळ मिळतो. पावसाळ्यात रुतलेल्या गाडीचे एक चाक चिखल उडवत फिरते आणि दुसरे ढिम्म उभे असते, हे दृश्य आपल्याला नवे नाही. अनुभवी चालक अशा वेळी हँडब्रेक अर्धवट ओढून पाहत. फिरणाऱ्या चाकाला अडवले, की पीळ वाढतो आणि तो दुसऱ्या चाकालाही मिळतो. ही युक्ती लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

एका देशातले दोन कारखाने

स्वीडनमध्ये दोन मोठ्या मोटार कंपन्या झाल्या. व्होल्व्हो १९२७ पासून मागून ढकलल्या जाणाऱ्या गाड्या बनवत होती. साब ही विमाने बनवणारी कंपनी. तिने १९४९ च्या अखेरीस पहिली मोटार बाजारात आणली तीच पुढून ओढली जाणारी. बर्फ तोच, रस्ते तेच, पण तोडगे दोन. १९६२ आणि १९६३ साली साबच्या एरिक कार्लसन यांनी हिवाळ्यातली मोंटे कार्लो शर्यत जिंकली. १९६४ आणि १९६५ मध्ये ती पुढून ओढल्या जाणाऱ्या चिमुकल्या मिनीने जिंकली. पुढची चाके श्रेष्ठ, असे आता कुणालाही वाटावे. पण १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे तीच शर्यत पोर्शे ९११ ने जिंकली, आणि ती गाडी मागून ढकलली जाणारी! तिचे इंजिनही मागेच असते, म्हणजे भारही ढकलणाऱ्या चाकांवरच. फोक्सवॅगनची बीटलही याच रचनेची. रस्त्यावरचे हिम सारणारा माणूस आपल्या यंत्रापर्यंत कशाने पोहोचतो, तर बीटलने, असे दाखवणारी तिची जाहिरात १९६० च्या दशकात गाजली होती. तेव्हा पुढे की मागे यापेक्षा ज्या चाकांना ताकद दिली त्यांच्यावर भार आहे का, हे महत्त्वाचे ठरते. व्होल्व्होने मात्र पुढे इंजिन, मागे ढकल ही जुनी रचना १९९८ पर्यंत चालू ठेवली, आणि स्वीडिश लोक त्या गाड्या हिमात बिनधास्त चालवत राहिले. त्यांना ते जमले याचे मोठे श्रेय टायरला जाते.

रबराचे कोडे

हिवाळी टायरचा जन्म फिनलंडमधल्या नोकिया गावचा. तिथल्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी आणि १९३६ मध्ये छोट्या मोटारींसाठी हिमाचा खास टायर काढला. दुसऱ्याचे नाव 'लुमी-हाक्कापेलीट्टा'. लुमी म्हणजे हिम, आणि हाक्कापेलीट्टा म्हणजे सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात गाजलेले फिनिश घोडेस्वार. (पुढे मोबाइल फोनसाठी प्रसिद्ध झालेली नोकिया कंपनी ज्यांच्या एकत्रीकरणातून १९६७ मध्ये उभी राहिली, त्यांत हा रबर कारखानाही होता.) या टायरची नक्षी खोल आणि आडवी होती. हिमात रुतून, ते खाचांत दाबून धरून पुढे रेटणारी. आपला बर्फाचा गोळा आठवा. किसलेला बर्फ काडीभोवती दाबला की घट्ट धरतो. टायरच्या खाचांत दाबले गेलेले हिम रस्त्यावरच्या हिमाला असेच धरते. हिमावर सर्वांत चांगली पकड हिमाचीच असते, म्हणून हिवाळी टायरच्या खाचांत हिम भरलेले दिसले तर ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

बर्फावर मात्र ही युक्ती चालत नाही. बर्फ निसरडा का, हाच प्रश्न शास्त्रज्ञांना दीडशे वर्षे पुरला. दाबामुळे बर्फ वितळतो म्हणून, हे उत्तर जुन्या पाठ्यपुस्तकांत सापडते. ते तपासून पाहा. बर्फाचा वितळणबिंदू एक अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरण दाब लागतो. मोटारीच्या टायरचा दाब दोन-अडीच वातावरण. म्हणजे फरक पडतो अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढा! मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच सुचवले होते, की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा एक पातळ थर असतो. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख येथे प्रयोग करून दाखवले, की घसरणाऱ्या वस्तूच्या घर्षणाने निर्माण होणारी उष्णताही वंगणाचे पाणी तयार करते. शून्याच्या जवळचा बर्फ सर्वांत निसरडा असतो. उणे २० अंशांचा बर्फ त्यामानाने बरा.

हे पाणी बाजूला सारायचे कसे? नक्षीच्या ठोकळ्यांना सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा पाडल्या तर प्रत्येक चीर एक कड होते, आणि पाण्याचा थर पुसून बर्फाला टेकते. अशा चिरांचे पेटंट जॉन साइप यांनी १९२३ सालीच घेतले होते. पण चिरांना वाकता आले पाहिजे, आणि थंडीत साधे टायर कडक होतात. रबराचे लांबलचक रेणू उबेत वळवळत असतात म्हणून रबर लवचीक असते; तापमान उतरले की त्यांची हालचाल मंदावते आणि शेवटी रबर काचेसारखे होते. रिचर्ड फाइनमन यांनी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या चौकशीत रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून हेच दाखवले होते. वर्गात करण्यासाठी सोपा प्रयोग : एकसारखे दोन रबरी चेंडू घ्या, एक रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. थंड चेंडू कमी उसळतो.

उन्हाळी टायरचे मिश्रण सुमारे ७ अंशांखाली हळूहळू पकड गमावू लागते, असा टायर बनवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. हिवाळी मिश्रणात नैसर्गिक रबर आणि काचरूप व्हायला फार कमी तापमान लागणारी कृत्रिम रबरे जास्त घालतात. १९९० च्या दशकात काजळीच्या जोडीला किंवा तिच्या जागी सिलिका वापरता येऊ लागली, तेव्हा थंडीतला मऊपणा आणि टिकाऊपणा यांची सांगड आणखी चांगली जमली. आता आपला चढाचा हिशेब पुन्हा करू. समजा, हिमावर हिवाळी टायरचा घर्षणांक ०.३ आहे आणि कडक झालेल्या उन्हाळी टायरचा ०.१५. हिवाळी टायर घातलेली, मागून ढकलली जाणारी गाडी शंभराला साडेतेरा मीटर चढते. उन्हाळी टायरवरची, पुढून ओढली जाणारी गाडी ९ मीटरच चढते, आणि थांबायला तिला दुप्पट अंतर लागते.

खिळे आणि धूळ

मऊ रबर येण्याआधी बर्फावरचा हुकमी उपाय होता खिळ्यांचा. टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे बारीक खिळे बसवलेले टायर १९६० च्या दशकात झपाट्याने पसरले. ते बर्फ खरोखर धरतात. पण बर्फ नसेल तेव्हा ते रस्ता खरवडतात. चाकोऱ्या पडू लागल्या, त्यांत पाणी साचू लागले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओने १९७१ मध्ये, पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली.

जपानमध्ये प्रश्न रस्त्यापुरता राहिला नाही. सेंदाई शहरात हिम फार पडत नाही, पण सावधगिरी म्हणून बहुतेक गाड्यांना खिळ्यांचे टायर असत. हिवाळाभर ते उघड्या डांबरावर फिरत आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरावर डांबराच्या धुळीचे सावट पसरू लागले. नागरिकांनी आवाज उठवला. १९८५ मध्ये मियागी प्रांताने नियम केला, १९८८ मध्ये टायर कंपन्यांनी उत्पादन थांबवण्याचे मान्य केले, आणि १९९० मध्ये देशाचा कायदा झाला. एका अर्थाने ही धूळ मऊ, बिनखिळ्यांच्या टायरची जननीच म्हणायची. जपानी कंपन्यांनी त्या संशोधनात नंतर मोठी आघाडी घेतली.

पण निसर्ग हिशेब सहजासहजी मिटवत नाही. खिळे रस्त्यावरचा बर्फ ओरखडून खरखरीत ठेवत होते, हे ते गेल्यावर कळले. साप्पोरोसारख्या हिमाच्या शहरात आता बिनखिळ्यांचे टायर फिरून बर्फ आरशासारखा गुळगुळीत करू लागले, आणि त्यावरून घसरून पडू लागले ते पायी चालणारे. चौकाचौकांत वाळू-खडीच्या पिशव्या ठेवाव्या लागल्या. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडने खिळे पूर्ण बंद केलेले नाहीत, पण ऑस्लोत ते वापरायला पैसे भरावे लागतात, आणि स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटन रस्त्यावर २०१० पासून त्यांना मज्जाव आहे.

मागची दोन की चारही?

आता त्या उशिराकडे येऊ. उत्तर अमेरिकेत हिवाळी टायर कितीतरी वर्षे जोडीने विकले गेले : दोन, मागच्या चाकांसाठी. चाके निघावीत एवढाच विचार. पुढची चाके उन्हाळी टायरवर राहात, म्हणजे वळण्याची आणि थांबण्याची मुख्य जबाबदारी ज्यांच्यावर तीच दुबळी. १९७० आणि १९८० च्या दशकांत पुढून ओढल्या जाणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा लोकांनी तीच सवय उलटी करून दोन टायर पुढे बसवले. हे जास्तच घातक होते. गाडी निघे छान. पण वळणावर ब्रेक लागला की पुढची चाके रस्ता धरत, मागची सुटत, आणि गाडी स्वतःभोवती फिरे. गाडी सहज निघाली म्हणून चालकाला रस्ता ठीक वाटे, ते वेगळेच.

चारही चाकांना सारखे टायर हवेत, हा आग्रह रुजायला शतकाची अखेर आली. स्वीडनने १ डिसेंबर १९९९ पासून हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर सक्तीचे केले. कॅनडातल्या क्वेबेकने २००८ मध्ये, जर्मनीने २०१० मध्ये स्पष्ट कायदे केले. तीन शिखरांच्या डोंगरात हिमाची चांदणी, ही टायरवरची खूण १९९९ ची. त्याआधीच्या 'एम + एस' अक्षरांना कसलीच परीक्षा लागत नसे, नक्षी पाहून कारखानाच ती छापी.

इलेक्ट्रॉनिक्सनेही हातभार लावला. चाके जाम होऊ न देणारे ब्रेक १९७८ मध्ये आले. गाडी स्टिअरिंगच्या इशाऱ्याप्रमाणे वळते आहे की नाही हे पाहून एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा १९९५ मध्ये आली. शेपटी सुटण्याच्या जुन्या भीतीतली मोठी धग तिने काढली. गरगर फिरणाऱ्या चाकाला हलकेच ब्रेक लावून पीळ दुसऱ्या चाकाकडे वळवणे हेही आता संगणक करतो, म्हणजे अर्ध्या हँडब्रेकची तीच युक्ती. घर्षणांक मात्र यांतले कुणीच वाढवत नाही.

आणि आता मागची चाके परत आली आहेत. ज्या फोक्सवॅगनने बीटल सोडून १९७४ मध्ये पुढून ओढली जाणारी गोल्फ आणली, तिनेच २०२० मध्ये आयडी-३ ही विजेची मोटार मागून ढकलली जाणारी केली. पुढे जड इंजिन नाही, बॅटरी तळाला पसरलेली, मोटर मागच्या आसावर. त्यामुळे ढकलणाऱ्या चाकांवर पुरेसा भार येतो आणि संगणक पीळ क्षणार्धात कमी-जास्त करतो. जुन्या चालकांचा एक धडा मात्र इथे नव्याने गिरवावा लागला. विजेच्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनित्र बनून गाडीला रोखते, आणि मोटर मागे असेल तर ही रोख फक्त मागच्या चाकांना लागते. उतारावर एकदम खालचा गिअर टाकण्यासारखेच हे. म्हणून मागची चाके घसरू लागली की संगणक ही रोख आपोआप कमी करतो आणि उरलेले काम चार चाकांच्या साध्या ब्रेकवर सोपवतो.